विश्लेषण : शिडाच्या बोटीवर कोणता अँटेना वर, कोणता खाली?

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. पण मुलगा मर्चंट नेव्हीत असला की घरातल्या मोबाइलवर जहाजाचा ठिपका दिवसातून चारदा पाहिला जातो. ठिपका पुढे सरकला की जिवाला बरे वाटते. तो ठिपका येतो ‘एआयएस’ या यंत्रणेतून. जहाज आपले नाव, ठिकाण, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत सांगत राहते. आसपासची जहाजे आणि किनाऱ्यावरची केंद्रे ते ऐकतात. किनारा मागे पडला की ते टिपण्याचे काम उपग्रहांवर येते, म्हणून मोकळ्या अॅपवर अनेकदा तासन् तास जुनीच जागा दिसते. ठिपका थांबला म्हणजे जहाज थांबले, असे नव्हे.

मोठ्या जहाजावर अँटेनांना जागेची टंचाई नसते. शिडाच्या बोटीवर मात्र उंच जागा एकच, डोलकाठीचे टोक. तिथे बोलण्याचा व्हीएचएफ रेडिओ लावायचा की एआयएस, यावर बोटवाल्यांत वाद चालतो.

टोकाला एवढे महत्त्व का?

घाटावर आणि घाटाखाली राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. दूरदर्शनच्या काळात अँटेना लांब पाइपावर चढवून कुणीतरी खालून ‘आलं, आलं’ म्हणेपर्यंत फिरवला जाई. व्हीएचएफ लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. समुद्रात डोंगर नसतो, पण पृथ्वीचा गोलावाच आड येतो. हिशेब सोपा आहे : अँटेनाच्या उंचीचे मीटरमधले वर्गमूळ काढायचे आणि त्याला ४ ने गुणायचे, की किलोमीटर मिळतात. गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या ‘तारिणी’ची डोलकाठी २५ मीटरची आहे, तिच्या टोकावरून २० किलोमीटर. मागच्या कठड्यावर ४ मीटर उंचीला लावलेल्या अँटेनाचे ८ किलोमीटर. समोरच्या जहाजाचा अँटेना ३६ मीटरवर असेल तर त्याचे २४ यात मिळवायचे. म्हणजे टोकावरून ४४, कठड्यावरून ३२.

मग टोक कुणाला द्यावे?

उत्तर स्पष्ट आहे : बोलण्याच्या रेडिओला. २० नॉट वेगाच्या मालवाहू जहाजाला ३२ किलोमीटर कापायला पाऊण तासाहून जास्त लागतो. शिडाची बोट त्याच्याच दिशेने येत असली तरी अर्धा तास हातात राहतो. धडक टाळायला एवढा वेळ पुरतो. याउलट १६ नंबरच्या चॅनेलवरून मदत मागताना ऐकणारी एखादी बुटकी मासेमारी बोटही असू शकते. दोघांचे अँटेना ४ मीटरवर असतील तर आवाज १६ किलोमीटरवर संपतो. एकाचा डोलकाठीवर असेल तर २८ पर्यंत जातो. अशा वेळी प्रत्येक किलोमीटर मोलाचा.

एकाच अँटेनावर दोन्ही यंत्रे चालवणारा स्प्लिटरही मिळतो. टीव्हीच्या केबलला लावतात तसला मात्र इथे चालत नाही. २५ वॉटचा रेडिओ बोलू लागला की एआयएस यंत्र जळू शकते. खास बनवलेला स्प्लिटर बोलणे सुरू असेपर्यंत एआयएसला गप्प ठेवतो. तेही चालून जाईल. खरी अडचण ही की तो स्प्लिटर, ती केबल किंवा तो अँटेना बिघडला की बोलणे आणि दिसणे दोन्ही एकदम बंद. स्वतंत्र दुसऱ्या अँटेनाचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे.

दुसऱ्या अँटेनाचे आणखी एक कारण आहे. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात, गोल्डन ग्लोब शर्यतीत, कमांडर अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ वादळात उलटली आणि डोलकाठी मोडली. पाठीला जबर इजा होऊन ते बोटीत पडून होते. किनारा इतका दूर की तिथे कुठलाही व्हीएचएफ पोहोचला नसता. उपग्रहावरून मजकूर पाठवणाऱ्या एका छोट्या यंत्राने त्यांची खबर बाहेर नेली आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. डोलकाठी पडली की तिच्या टोकावरचे सगळे जाते. किनाऱ्याजवळ असे झाले तर कठड्यावरचा अँटेना उरतो आणि त्याची केबल रेडिओला जोडून मदत मागता येते. दोन्ही अँटेना एकाच डोलकाठीवर चढवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मच्छीमारांचे काय?

२६/११ चे दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावून आले, तेव्हापासून छोट्या बोटींवर नजर ठेवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधून एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. ते थेट उपग्रहाशी बोलतात, त्यामुळे डोलकाठीच्या उंचीचा प्रश्नच नाही. आकाश मोकळे दिसले की पुरे. पण समोरून येणाऱ्या जहाजाच्या पडद्यावर बोट दिसायला हवी असेल, तर त्या जागी एआयएसच लागतो. एक आहे म्हणून दुसरे नको, ही समजूत महागात पडेल.

महाग अँटेना घेऊन केबलवर काटकसर करणारे मात्र सगळीकडे सापडतात. पातळ आरजी-५८ केबल ३० मीटर ओढली तर रेडिओने दिलेल्या शक्तीचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा वर पोहोचतो. जाड आरजी-२१३ मधून साधारण निम्मा. कठड्यावरच्या अँटेनाला केबल थोडकी लागते, त्यामुळे उंचीत गमावलेले थोडे तिथे भरून निघते. शिवाय बोट एका अंगावर कलून चालते, म्हणून जास्त ‘डीबी’चा अँटेना घेऊ नये. त्याची लहर चपटी असते. बोट कलली की अर्धी पाण्यात आणि अर्धी आभाळात जाते. ३ डीबीचा साधा अँटेना पुरतो. जोडणीत खारे पाणी शिरून तांबे हिरवे पडले आहे का, हे निघण्यापूर्वी उघडून पाहावे.