भिंतीवरची गंजी

गेल्या दिवाळीत हॉलच्या भिंतीसाठी मी मोने या फ्रेंच चित्रकाराच्या चित्राची फ्रेम केलेली प्रत मागवली. शेतातल्या गव्हाच्या गंज्यांचं चित्र. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, छान आहे गं, पण ही शेजारची गंजी अर्धीच का रचलीय?”

मी हसण्यावारी नेलं. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर मूळ चित्र पाहिलं आणि लाजले. मूळ चित्र ६० सेंटिमीटर उंच आणि १०० सेंटिमीटर रुंद. मला विकलेली प्रत चौकोनी! म्हणजे जवळजवळ ४० टक्के चित्र कापलेलं, आणि त्यात लहान गंजी निम्मी गेलेली. वर रंगही सोफ्याला शोभेल असा भडक केशरी केलेला.

मैत्रिणींनो, मला राग आला तो रंगाचा जास्त. १८९०-९१ मध्ये मोनेने जिव्हर्नी गावी घराजवळच्या गंज्या सुमारे २५ वेळा रंगवल्या. कधी उन्हाळा सरताना, कधी बर्फात, कधी मावळतीला. ऊन बदललं की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून तो दुसरा घ्यायचा. सगळी धडपड त्या घटकेच्या उजेडासाठी. तो उजेडच दुकानाने बदलला, तर आपण पैसे कशाचे मोजले?

म्हणून माझं मत, तयार फ्रेम मागवूच नका. मोने १९२६ साली गेला, आता ही चित्रं कुणीही छापावीत. ते संग्रहालय या चित्राची मोठी फाइल फुकट उतरवू देतं. जाड मॅट कागदावर, काहीही न कापता छापून घ्या आणि नेहमीच्या फ्रेमवाल्याकडून भोवती पांढरा माउंट सोडून मढवा. (ब्रशचे खोटे फटकारे उमटवलेल्या महागड्या प्रतीही मिळतात. मला त्या अजिबात पटत नाहीत.) खिडकीसमोर लावू नका, काचेत खिडकीच दिसते. आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत तर नकोच.

आता आमच्याकडे दोन्ही गंज्या पूर्ण आहेत. सासूबाई दुपारी समोरच बसतात. परवा म्हणाल्या, “एवढ्या गव्हाला पाऊस लागला नाही म्हणजे मिळवलं.”