लुडबुडीच्या बाजूने

पंचवटीत रामाच्या पाऊलखुणा दाखवणारी मंडळी लक्ष्मणाला आठवतात ती शूर्पणखेचं नाक कापण्यापुरती. वाल्मीकींनी याच जागी त्याला बरीच घरकामं लावली आहेत. जागा पसंत केली रामाने. पण माती थापणं, खांब रोवणं, वेळूंचे वासे टाकणं, शमीच्या फांद्या अंथरून वर कुश-काशाचं छप्पर शाकारणं हे सगळं लक्ष्मणाने केलं. पर्णशाळा उभी राहिल्यावर तो गोदावरीत अंघोळ करून आला, तोही येताना कमळं आणि फळं घेऊन. पुढच्याच सर्गात हेमंतातली गारठलेली पहाट आहे. राम-सीता नदीवर निघाले आहेत आणि मागून हा वीर हातात कलश घेऊन चालला आहे. दशरथाचा मुलगा, राजवाड्यात वाढलेला. पण पाण्याचं भांडं उचलण्यात त्याला काही कमीपणा वाटल्याचं वाल्मीकी कुठे सांगत नाहीत.

त्याच पंचवटीत आज आठ वर्षांच्या मुलाने जेवून झाल्यावर आपलं ताट उचललं, तर तीन दिशांनी आवाज येतो, ‘राहू दे रे बाळा, मी उचलते.’ आई म्हणते, आजी म्हणते, आत्या आलेली असली तर तीही म्हणते. माझं भांडण त्या ‘राहू दे’शी आहे. थोडं भांडण माझ्याच बाजूने बोलणाऱ्या काही लोकांशीही आहे, पण त्यांच्याकडे नंतर येऊ.

पहिला आक्षेप आयांचा: ‘पोरं मदतीला आली की आमचं काम दुप्पट होतं.’ हे शंभर टक्के खरं आहे. बुधवारी गंगेवरच्या बाजारातून आणलेली मेथीची जुडी आईने एकटीने निवडली तर बोलता बोलता हातावेगळी होते. शेजारी चार वर्षांचं कार्टं बसलं की कोवळी पानं कचऱ्यात, देठं परातीत आणि माती गादीवर. याला आपण लुडबुड म्हणतो आणि मुलाला टीव्हीपुढे बसवतो. हिशेब त्या दिवसापुरता बरोबर आहे. चूक आहे ती हिशेब त्याच दिवशी मिटवून टाकण्यात.

१९८२ साली हॅरिएट राइनगोल्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधाच प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत घरासारखी मांडामांड केली, केर-पसारा करून ठेवला आणि आईबापांना सांगितलं की मुलांना हाक न मारता कामं करत राहा. मुलं दीड ते अडीच वर्षांची. ती आपणहून पुढे आली, हातातून वस्तू घेऊन कामाला लागली. गंमत अशी की हेच आईबाप घरी काय करत होते? त्यांच्यातले काही जण मूल झोपल्यावर कामं उरकून घेत, मध्ये मध्ये नको म्हणून. अमेरिका असो की हिरावाडी, दुपारी मूल झोपलं की फरशी पुसून घ्यायची युक्ती एकच.

म्हणजे दुसऱ्या वर्षी मूल केरसुणी मागतं तेव्हा आपण ती दाराआड लपवतो. बाराव्या वर्षी आपण केरसुणी पुढे करतो तेव्हा ते मोबाइलमधून मान वर काढत नाही, आणि मग ‘हल्लीची मुलं’ या विषयावर घरात परिसंवाद भरतो. मधल्या दहा वर्षांत आपण त्याला रोज एकच धडा दिला, की हे तुझं काम नाही. मूल हुशार होतं. शिकलं.

आणखी एक विसंगती सांगून पुढे जातो. भातुकलीचा प्लास्टिकचा ओटा, त्यावर लाल दिव्याचा गॅस, खुळखुळणारा मिक्सर, असा सगळा संच वाढदिवसाला घरात येतो. खऱ्या ओट्याजवळून हाकललेल्या मुलाला त्या खोट्या ओट्यापाशी बसवतात आणि ‘बघा कसा स्वयंपाक करतोय’ म्हणून फोटो काढतात. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढलं, तेव्हा मुलांच्या हाताला झेपतील अशी पण खरी भांडी आणि खरे झाडू हे त्यांच्या पद्धतीचं अंगच होतं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला ती पद्धत आणली, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून आसपास मिळेल त्या वस्तूंवर काम भागवलं. खोटा मिक्सर त्यांनाही सुचला नसता.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा, आणि त्याच्यापुढे कोणी बोलत नाही म्हणून तो वजनदार वाटतो. हल्ली दहावीचं वर्ष आठवीतच सुरू होतं. त्या काळात मुलाला पाणी जागेवर, दूध जागेवर, कपाटात इस्त्रीचे कपडे. पंचवटीत धर्मशाळांना तोटा नाही. यात्रेकरू उतरतो, जेवतो, दर्शन घेतो, नळ गळत असला तर व्यवस्थापकाला सांगतो आणि आपल्या गावी जातो. आपण आपल्याच पोटच्या पोरांना घरात असं उतरवून घेतलं आहे. पुढे ती पुण्याला किंवा परदेशी गेल्यावर ‘घराची ओढच राहिली नाही’ म्हणून आपणच डोळ्यांना पदर लावायचा.

काम केल्याने अभ्यास बुडतो, याला पुरावा काय? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. वेगवेगळ्या जातींची गरीब मुलं तिथे एकत्र राहत आणि आपली कामं आपण करत. स्वावलंबन हेच कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीद. भाऊरावांच्या छत्राखाली वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. घरकामाने कुलगुरू होतात, असा माझा दावा नाही. अभ्यास बुडत नाही, एवढंच म्हणणं.

आणि ‘आईची माया’ मध्ये आणायची असेल तर तीही आणू. श्यामची आई वाचून मराठी घरांनी किती रुमाल भिजवले याला गणती नाही. साने गुरुजींनी ते पुस्तक लिहिलं आपल्याच नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पाच दिवसांत. त्यात पत्रावळीचं एक प्रकरण आहे. पत्रावळ लावायला शिकण्याचा कंटाळा करणाऱ्या श्यामला ही प्रेमळ आई सवलत देत नाही. रुमाल वाळल्यावर ते प्रकरण पुन्हा काढून वाचावं.

तिसरा आक्षेप कायद्याच्या भाषेत येतो: ‘मुलांना कामाला लावणं म्हणजे बालमजुरीच की!’ नव्हे. १९८६च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आली. त्याआधी, ऑक्टोबर २००६पासूनच, दुसऱ्याच्या घरी घरकामाला लहान मूल ठेवणं बंद झालं होतं. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आपल्या घरच्यांना धोका नसलेल्या कामात हातभार लावण्याची मुभा कायद्याने ठेवली आहे. ‘घरचा धंदा’ या नावाखाली पूर्णवेळ राबवून घेतलं जाईल, अशी टीका त्या मुभेवर झाली आणि ती योग्यच होती. रामकुंडावर शाळेच्या वेळेत द्रोणातले दिवे विकणारी मुलगी दिसली की ती टीका पटते. पण स्वतःचे मोजे धुणाऱ्या मुलाला या मुलीच्या रांगेत बसवणं हा तिचा अपमान आहे.

चौथ्या आक्षेपापुढे मात्र थांबावं लागतं. तो आक्षेप असा: ‘मुलांना घरकाम करू द्या, हे सांगताय कोणाला? मुली कधीच्या करताहेत. त्यांना कोणी विचारलं होतं?’

२०१९ साली केंद्राच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशातल्या माणसांच्या दिवसाचा हिशेब मांडला. त्यात वय सहापासून पुढचे सगळे धरले होते. सहाव्या वर्षीच मूल कामात असू शकतं, हे सरकारी खात्यालाही ठाऊक असावं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के निघाल्या, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांतही बायकांची दिवसाची मिनिटं २९९ आणि पुरुषांची ९७. जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. हा फरक लग्नाच्या बोहल्यावर अचानक पडत नाही. ‘मुलीच्या जातीला वळण हवं’ आणि ‘त्याला खेळू दे गं’ ही दोन वाक्यं एकाच तोंडातून, एकाच संध्याकाळी निघतात, तिथे तो पडतो. दहा वर्षांची मुलगी पोळ्या लाटते आणि तिचा चौदा वर्षांचा दादा पलंगावरून ‘पाणी आण’ म्हणतो, अशा घरात हा लेख फक्त दादाला वाचून दाखवावा. मुलीच्या हातातलं लाटणं काढून घेऊन तिला बाहेर खेळायला पाठवलं, तरी माझं काम झालं.

‘बाई येते ना धुण्याभांड्याला’ हा पाचवा आक्षेप वरवर साधा आहे. बाईला पगार द्यावा, चांगला द्यावा, सुट्ट्याही द्याव्यात. पण खरकट्यात हात धुऊन ताट तिथेच टाकून उठणारं मूल त्या ताटाबरोबर एक उतरंड शिकत असतं: घाण करणारे वेगळे, ती काढणारे वेगळे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पुढे काही वर्षं तो लढा चालला आणि तरी दार उघडलं नाही. ज्यांच्यासाठी दार बंद होतं, त्यांच्यातल्याच लोकांनी गावची घाण उपसायची, अशी सोय समाजाने लावून ठेवली होती. आज नातवाच्या हातात संडास घासायचा ब्रश दिला की आजीच्या पोटात धस्स होतं. त्या धस्स होण्याची मुळं जंतूंच्या भीतीत नाहीत, हे आजीलाही कळतं. म्हणून यादीत संडास हवाच.

आता माझ्या बाजूच्या मंडळींकडे. यांतले काही जण फ्रिजवर तक्ता लावतात: ताट उचललं की एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की चॉकलेट. काही जण सरळ पैसे देतात, ‘पैशाची किंमत कळते’ म्हणून. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी २००८ साली वीस महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग छापला. मदत केल्याबद्दल ज्यांना वस्तू बक्षीस मिळाली, ती बाळं पुढच्या वेळी मदत करायला मागे पडली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ती करत राहिली. चांदणीचा भाव एकदा ठरला की चांदणी नसेल त्या दिवशी ताट जागेवरच राहतं. घराचा बाजार करायचा तर आईचं बिल पहिल्याच महिन्यात कोणाला परवडायचं नाही.

दुसरे मित्र व्हॉट्सअ‍ॅपवाले. घरकाम करणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असा निरोप ते पाठवतात आणि खाली हार्वर्डचं नाव असतं. जॉर्ज व्हेलंट यांच्या १९८१ सालच्या अभ्यासात बॉस्टनच्या गरीब वस्तीतल्या मुलांबद्दल असं काही आहे, पण तिथे घरच्या कामाबरोबर अर्धवेळ नोकरी, शाळेतला सहभाग असं बरंच काही एकत्र मोजलं होतं. त्यातून ‘ताट उचला, मोठे पगार मिळवा’ असं सूत्र निघत नाही. आणि निघालं असतं तरी मी ते वापरलं नसतं. मुलाच्या भवितव्यासाठी म्हणून दिलेलं काम मुलाला बरोबर ओळखू येतं. तो आणखी एक क्लास असतो, फक्त ओट्यापाशी भरणारा.

माझं म्हणणं एवढंच आहे की काम मुलाला द्यायचं ते घराला गरज आहे म्हणून. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, पापड, शेवया वाळत पडल्या की राखण पोरांकडे असे. कावळे खरे होते. पोरगं खेळात गुंगलं तर पापडाला चोच लागे आणि शिव्याही खऱ्या बसत. कुरडयांचा चीक वाटीभर आधी चाखणं हा राखणदाराचा मान, त्याला कोणी बक्षीस म्हणत नव्हतं. तक्ता नव्हता, चांदण्या नव्हत्या. पोराशिवाय वाळवण राहिलं नसतं, हे त्याला आणि घराला दोघांनाही ठाऊक होतं.

आज गच्च्या कमी झाल्या, पापड विकत येतात. गरजा संपलेल्या नाहीत. सात वर्षांच्या मुलाकडे पिण्याचं पाणी भरून ठेवण्याचं काम पूर्ण सोपवावं. तो विसरला तर त्या रात्री जेवणाच्या वेळी तांब्या रिकामा निघाला पाहिजे. आईने मागल्या दाराने गुपचूप भरून ठेवला, की सगळं मुसळ केरात. त्याने घातलेली कपड्यांची घडी त्याच्यासमोर मोडून परत घालू नये. वाकडी घडी कपाटात राहते, काही बिघडत नाही. गॅस, कुकर आणि विळी यांची घाई करू नये. लसूण, मटार, कोथिंबीर, दोरीवरचे कपडे, ताटं मांडणं, केर काढणं, एवढ्यात पाच-सहा वर्षं सहज निघतात. आणि वडिलांनी हातात कप घेऊन लांबून सूचना देऊ नयेत. मुलगा कोणाचं पाहून शिकणार आहे, हे त्यांना सांगायला नको.

पंचवटीकरांना या सगळ्याची एक परीक्षा जवळच आहे. २००३चा सिंहस्थ घराघराला आठवतो, २०१५चाही, आणि २०२७च्या पर्वण्या आता फार लांब नाहीत. पर्वणीच्या आदल्या रात्री चुलते, मावश्या, त्यांचे शेजारी असे सगळे स्नानाला उतरतात. रस्ते बंद होतात, कामाची बाई पुलापलीकडे अडकते आणि पहाटे तीनला चहा लागतो. गाद्या कोण घालणार, कप कोण विसळणार, भाताचा कुकर कोणाकडे, हे घरोघरी बसून आत्ताच ठरवायला हरकत नाही. फक्त ठरवायला बसताना पोरांना ‘जा, अभ्यासाला बस’ म्हणून उठवू नये.