प्लेथोराचे व्यापारी

‘रोज वीस भारी शब्द पाठ करा, बँड आपोआप वाढेल,’ असं सांगून पैसे घेणाऱ्या माणसाला मी शिक्षक म्हणत नाही. तो दुकानदार आहे. यवतमाळ जिल्ह्यात असे दुकानदार वाढले आहेत आणि त्यांचं गिऱ्हाईक आहे पुसद, वणी, उमरखेड, पांढरकवडा इथल्या कोरडवाहू घरांतली मुलं. कुणाला परदेशी शिष्यवृत्तीवर मास्टर्स करायचं आहे, कुणाला नर्स म्हणून बाहेर जायचं आहे. सगळ्यांच्या वाटेत आयईएलटीएस नावाची इंग्रजीची परीक्षा उभी आहे; तिचे गुण म्हणजे बँड. बहुतेक विद्यापीठं 6.5 बँडच्या आसपास मागतात. ही मुलं वर्षभर जीव तोडून अभ्यास करतात आणि 6 वर अडकून परततात. मग क्लासवाले सांगतात, ‘तुझी व्होकॅब कमी पडली. ॲडव्हान्स बॅच लाव.’

मी या जिल्ह्यात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहे आणि कुणाच्या पोटावर पाय येईल म्हणून गप्प बसायची सक्ती माझ्यावर नाही. म्हणून सरळ सांगतो: या मुलांची व्होकॅब कमी पडत नाही. क्लासमध्ये मिळालेली व्होकॅबच त्यांना पाडते.

पुरावा परीक्षेच्याच कागदांत आहे. लेखन आणि बोलण्याचे गुण चार निकषांवर दिले जातात आणि शब्दसंपदा हा त्यातला एक निकष, म्हणजे त्या भागाचे 25 टक्के. बाकीचे 75 टक्के लेखनात प्रश्नाला नेमकं उत्तर, विचारांची सलग मांडणी आणि व्याकरण यांचे. बोलण्यात ओघ, व्याकरण आणि उच्चार यांचे. प्रत्येक बँडला काय लागतं हेही परीक्षा घेणाऱ्यांनी जाहीर केलेलं आहे, फुकट वाचता येतं. त्यात 6 बँडच्या लेखनाचं वर्णन साधारण असं आहे: शब्द कामापुरते आहेत, उमेदवार धाडस करून वेगळे शब्द वापरू पाहतो, पण ते चुकतात किंवा जागेवर बसत नाहीत. 7 ला काय हवं? कमी वापरातले शब्द हवेत, पण कुठला शब्द कुणासोबत येतो आणि कुठल्या प्रसंगी शोभतो याची जाण दाखवून. आता सांगा, संदर्भ तोडून, शेजारी एका शब्दात अर्थ लिहून पाठ केलेली यादी उमेदवाराला कुठे नेऊन बसवेल? बरोबर 6 च्या खुर्चीत. जिथून सुटायला त्यानं पैसे भरले, तिथेच. आणि उत्तर संपूर्ण पाठ करून उतरवल्याचं सिद्ध झालं तर त्याच कागदात शून्य बँडची सोय आहे. हे कागद क्लासच्या भिंतीवर कधी दिसत नाहीत. भिंतीवर लंडनच्या घड्याळाचं चित्र असतं.

ती यादीही एकदा बघून घ्या. झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग, वर निळं प्लास्टिक. आत प्लेथोरा, मायरिअड, युबिक्विटस, पॅरामाउंट. निबंधाची सुरुवात ‘इन धिस कन्टेम्पररी इरा’ अशीच करायची, शेवट ‘इन अ नटशेल’ असाच करायचा, आणि मोबाइलपासून धरणापर्यंत प्रत्येक गोष्टीला ‘डबल-एज्ड स्वोर्ड’ म्हणायचं. या याद्यांचा बराचसा माल जीआरई या अमेरिकी परीक्षेच्या जुन्या पुस्तकांतून आलेला. ती परीक्षा वेगळी, तिचं काम वेगळं. तिनंसुद्धा सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणं 2011 मध्ये बंद केलं. अमेरिकेनं ज्या पद्धतीचा नाद सोडला, ती आमच्याकडे ‘लेटेस्ट मटेरियल’ म्हणून विकली जाते.

शेतकऱ्याच्या पोरांना हा धंदा ओळखीचा वाटायला हवा होता. बोगस बियाण्याचंही असंच असतं: पाकीट चकचकीत, भाव चढा, उगवण नाही, आणि तक्रार घेऊन गेलं की दोष तुमच्या जमिनीचा.

शब्द मोजण्याचं शास्त्र आहे आणि ते जुनं आहे. मायकल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षक ढाक्यात बंगाली मुलांना शिकवत होता. या मुलांना आधी वाचता येऊ द्या, त्यासाठी नेहमीच्या शब्दांत गोष्टी लिहा, हे त्याचं म्हणणं. पुढे 1953 मध्ये त्यानं सुमारे 2000 नेहमीच्या इंग्रजी शब्दांची यादी छापली. 2000 साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात विषय कुठलाही असो, पुन्हा पुन्हा येणारे 570 शब्दगट वेगळे काढले. अभ्यासाच्या पुस्तकांतला साधारण दहावा हिस्सा या 570 गटांनी व्यापलेला असतो. त्यात आहे काय? ॲनलाइज, सिग्निफिकंट, कन्सिस्टंट, डिराइव्ह. बारावी सायन्सच्या मुलाला यातले निम्मे तोंडओळखीचे असतात. प्लेथोरा त्यात नाही. पॉल नेशन या भाषातज्ज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर आठ-नऊ हजार शब्दगट लागतात. एवढे शब्द कुणी पाठ करत नाही. ते वाचता वाचता साठतात, कारण एक शब्द अंगी लागायला तो वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या सोबत्यांबरोबर अनेकदा भेटावा लागतो. यादीत तो एकदाच भेटतो, आणि तोही एकटा.

माझ्याकडे झरी जामणीकडचा एक मुलगा बोलण्याच्या सरावाला यायचा. घरी कोलामी, गावात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, टीव्हीवर हिंदी, म्हणजे इंग्रजी ही त्याची पाचवी भाषा. मी म्हटलं, गावाबद्दल सांग. तो ताठ बसला आणि म्हणाला, ‘माय व्हिलेज हॅज अ प्लेथोरा ऑफ नॅचरल ब्यूटी.’ म्हणजे निसर्गसौंदर्याची रेलचेल. त्याच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. मी म्हटलं, हे राहू दे, यंदा शेतात काय झालं ते सांग, हवं तर मराठीत. तेव्हा तो मोकळा सुटला. पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी कशी आली, फवारणीचा खर्च किती गेला, वेचणीला मजूर का मिळेना, जिनिंगवर ग्रेडरनं ओलावा दाखवून भाव कसा पाडला. सगळं क्रमानं, कारणांसकट. मी म्हटलं, हेच इंग्रजीत सांग ना. तर म्हणतो, ‘सर, पण हे कसं सांगाचं? यात भारी शब्दच नाही.’

क्लासनं त्याच्याकडून केवळ पैसे घेतले नव्हते, त्याचं सांगणंही काढून घेतलं होतं. बोंडअळी, सरकी, रुईची लांबी, ओलावा, खरेदी केंद्र, सावकाराची थकबाकी या गोष्टींना इंग्रजीत नेमके शब्द आहेत. कमी वापरातले, पण जिथल्या तिथे चपखल बसणारे, म्हणजे 7 बँडला हवे तसे. ते शिकायला त्याला एक आठवडा पुरला, कारण ज्या वस्तूचा शब्द, ती वस्तू त्यानं हातात धरली होती. परीक्षकाला कापूसतज्ज्ञ नको आहे. स्वतःचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडणारा माणूस हवा आहे.

आता जिल्ह्याच्या इंग्रजीप्रेमाबद्दल आणि इंग्रजीद्वेषाबद्दल, कारण दोन्ही एकाच घरात नांदतात. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळात 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजीत लिहिणारी बाई मराठीच्या मांडवात कशाला, अशी हाकाटी झाली, उधळून लावण्याच्या धमक्या आल्या, आणि आयोजकांनी निमंत्रणच मागे घेतलं. साहित्य महामंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांना राजीनामा द्यावा लागला. एका इंग्रजी लेखिकेचं भाषण ऐकून घेण्याएवढंही बळ ज्या मांडवाच्या बांबूंत नव्हतं, त्या मांडवातल्या पुढाऱ्यांची नातवंडं कुठल्या माध्यमात शिकतात, हे मी विचारणार नाही. बसच्या रंगावरून ते गावाला माहीत आहे.

त्याच मांडवात एक गोष्ट मात्र घडली, आणि व्होकॅबच्या व्यापाऱ्यांनी तिचा अभ्यास करावा. सहगल यांच्या जागी उद्घाटनाला आल्या वैशाली येडे, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीनं संसार ओढणाऱ्या. जड शब्द नाही, अलंकार नाही. जगलं ते बोलल्या, आणि मोठमोठे साहित्यिक खाली बसून ऐकत राहिले. वजन शब्दांना म्हणण्यामुळे येतं, हे यवतमाळनं त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्लेथोरा पाठ करायला बसलं.

या पाठांतराला सरकारही जबाबदार आहे. 2000 पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सक्तीचं आहे. त्या निर्णयाला पाव शतक झालं. पहिलीत बसलेल्या त्या पहिल्या मुलांची मुलं आता शाळेत जाऊ लागली. या काळात जिल्हा परिषदेच्या किती शाळांत मुलांना घरी नेता येतील अशी सोप्या इंग्रजी गोष्टींची एक भरलेली पेटी पोचली? मी ज्या शाळा पाहिल्या तिथे पुस्तकं कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे, कारण पुस्तक फाटलं तर भरून कोण देणार? तालुक्याच्या वाचनालयांची अभ्यासिका झाली आहे. पोरं सकाळी आपली पुस्तकं घेऊन येतात, आपलीच वाचतात, संध्याकाळी घेऊन जातात. ग्रंथालयाच्या पुस्तकांना कुणी हात लावत नाही. खुर्ची, पंखा आणि वायफाय एवढंच त्या इमारतीचं देणं उरलं आहे. वाचायची सोय नाही म्हणून पाठांतराचं दुकान चालतं. क्लासवाल्याला शिव्या देताना हे विसरून चालणार नाही.

मला लोक म्हणतात, ‘सर, तुमचं खरं आहे, पण गरिबाच्या पोराकडे वाचत बसायला वेळ कुठाय? त्याला शॉर्टकट पाहिजे.’ गरिबाच्या नावानं केलेला हा युक्तिवाद गरिबालाच सर्वांत महाग पडतो. 2024-25 मध्ये परीक्षेची फी 17-18 हजारांच्या घरात होती. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. म्हणजे हमीभाव मिळालाच, तर एका परीक्षेला सव्वादोन क्विंटलहून जास्त कापूस जायचा. वर नागपूरला जाणं-येणं आणि राहणं. निकाल दोन वर्षंच चालतो. श्रीमंताचा पोरगा चार वेळा कमी बँड घेऊन पाचव्यांदा बसतो. शेतमजुराच्या पोरीला एकच डाव असतो, आणि त्या एका डावात तिच्या हाती कुणी प्लेथोरा देत असेल तर तो तिच्यावर उपकार करत नाही.

शिष्यवृत्तीच्या वाटा आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या वर्षाला 75 जागा आहेत. लोणार तालुक्यातल्या शेतकरी घरातून आलेल्या राजू केंद्रे यांनी एकलव्य या संस्थेचं काम यवतमाळातूनच सुरू केलं आणि 2021 मध्ये स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. अशा वाटेनं गेलेल्या मुलांचे अर्ज निवडीत टिकतात ते त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही असतं म्हणून. आणि बाबासाहेबांचं नाव घेऊन या वाटेला लागणाऱ्यांनी त्यांचं 1936 चं ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ इंग्रजीत उघडून बघावं. मुद्द्यावर मुद्दा चढत जातो. कुठलाही शब्द वाचकाला दिपवायला आलेला नाही. पुस्तकांसाठी राजगृह हे घर बांधणाऱ्या माणसाचं इंग्रजी आहे ते.

तेव्हा पालकांनो, फी भरण्याआधी क्लासवाल्याला तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी किती मुलं बसली आणि किती जणांना किती बँड मिळाले, ते गुणपत्रकांसह दाखव. फ्लेक्सवरचे दोन हसरे चेहरे चालणार नाहीत. तुझा स्वतःचा बँड किती, ते सांग. आणि माझ्या मुलानं आठवड्याला लिहिलेले दोन निबंध ओळ न् ओळ तपासून देणार का, ते लिहून दे. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक दुकानांची शटरं खाली येतील, कारण यादी एकदा झेरॉक्स केली की शंभर जणांना पुरते आणि निबंध तपासायला माणूस लागतो.

पोरांनो, तुम्हाला एवढंच. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी कपाशीची, पाण्याची किंवा दवाखान्याची वाचा. विषय तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून अडलेला शब्द अर्ध्याहून जास्त वेळा आपसूक उलगडेल. तो सुटा उचलू नका, अख्खं वाक्य वहीत घ्या. मग त्याच शब्दानं आपल्या गावाबद्दल एक खरं वाक्य लिहा. खोटं लिहायचं नाही, हा एकच नियम. वर्षभरात वही भरेल आणि तिच्यातला एकही शब्द परीक्षेच्या खोलीत तुमची साथ सोडणार नाही. आणि ते निळ्या प्लास्टिकचं स्पायरल रद्दीत घाला. रद्दीवाला किलोमागे जे देईल, तेवढीच त्याची किंमत आहे.