‘केमिकल-फ्री’चा दावा आणि सुरक्षिततेची कसोटी

प्रसाधनांतले सुरक्षित घटक ओळखण्याची एक सोपी रीत हल्ली सर्रास सांगितली जाते. वनस्पतीतून आले ते निर्धोक, कारखान्यात बनले ते विषारी. आणि निसर्गातले म्हणून पर्यावरणालाही पोषक. आजीची त्वचा कसलेही क्रीम न लावता नितळ होती, हा या पक्षाचा ठरलेला दाखला. ही रीत चुकीची आहे आणि तिने लोकांचे प्रत्यक्ष नुकसान केले आहे.

पॅराबेनचा इतिहास याची साक्ष देतो. क्रीम, लोशन, शाम्पू यांत पाणी असते आणि पाण्यात जिवाणू व बुरशी वाढतात. ती वाढ पॅराबेन हे परिरक्षक रोखतात. 2004 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्तनांतील गाठींच्या 20 नमुन्यांत पॅराबेन आढळले. निरोगी ऊतींशी तुलना त्यात नव्हती. द्रव्य सापडले एवढ्यावरून तेच रोगाचे कारण ठरत नाही. तरीही भीती पसरली आणि बाटल्यांवर ‘पॅराबेन-फ्री’ झळकू लागले. पाणी असलेल्या क्रीममधून परिरक्षक नुसता काढून चालत नाही, त्या जागी दुसरा घालावा लागतो. अनेक उत्पादकांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन घातले. पुढे युरोपात या द्रव्याच्या ॲलर्जीचे रुग्ण झपाट्याने वाढले. वेट वाइप्स वापरल्याने लहान मुलांच्या अंगावरही पुरळ उठले. 2017 पासून युरोपीय संघाने न धुता त्वचेवर ठेवायच्या प्रसाधनांत ते वापरण्यास बंदी घातली. पॅराबेनबाबत मात्र प्रत्येक द्रव्य वेगळे तपासले गेले: 2014 मध्ये पुरेशी माहिती नसलेली पाच पॅराबेन बंद झाली, मिथाइल आणि इथाइल पॅराबेनना प्रत्येकी 0.4 टक्क्यांपर्यंत मुभा राहिली. नावाला घाबरून केलेला बदल आणि मात्रा पाहून केलेला निर्णय यांतला फरक इथे उघड दिसतो.

बाकीचे मुद्दे थोडक्यात उरकतात. गॅलेना या खनिजापासून केलेला सुरमा नैसर्गिकच असतो आणि त्यात शिसे असते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते. सुगंधी तेलांतले लिनालूल हवेच्या संपर्काने ॲलर्जीकारक बनते. ‘काळी मेंदी’ मेंदीच्या नावाने विकली जाते, पण तिचा काळा रंग बहुधा पॅराफेनिलीनडायअमाइनचा असतो. त्याने अंगावर फोड येतात.

पर्यावरणाचा दावाही टिकत नाही. शार्कच्या यकृतातून काढलेले स्क्वालीन नैसर्गिक आहे. त्याऐवजी उसाची साखर आंबवून, कारखान्यात प्रक्रिया करून मिळणारे स्क्वालेन वापरले तर शार्क वाचतात. चंदनाची नैसर्गिक झाडे तोडीमुळे धोक्यात आली आहेत.

मग योग्य कसोटी कोणती? घटक कोणता, मात्रा किती, वापर त्वचेवर ठेवायचा की धुऊन टाकायचा आणि कच्चा माल कुठून आला. भारतातील 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी रंगासाठी शिसे व आर्सेनिकची संयुगे वर्ज्य केली आहेत, आणि डोळ्यांची प्रसाधने वगळता इतरांत नकळत आलेल्या पाऱ्याला दशलक्ष भागांत 1 भाग एवढीच मर्यादा घातली आहे. अशा मर्यादांची तपासणी बाजारात खरोखर व्हावी, यासाठी ग्राहकांनी आवाज उठवला पाहिजे. खरेदी करताना पुढच्या बाजूचे हिरवे पान सोडून मागची घटकयादी वाचावी. यादीच नसेल, तर ती वस्तू घेऊ नये.