दहा मशीन्स लावल्या, पण टेबल कधीचं वाचलं?

मंडळी, हल्ली ज्याला त्याला डेटा फास्ट वाचायचाय. टेबल मोठं झालं? मशीन्स वाढवा! स्पार्कला पार्टिशनचा कॉलम, लोअर बाउंड, अप्पर बाउंड आणि पार्टिशन्सचा आकडा दिला की टेबलाचे दहा तुकडे पडतात, दहा कनेक्शन्स उघडतात, आणि हापिसात टाळ्या.

मला त्या टाळ्यांचाच राग येतो.

समजा, खात्यांचं टेबल आहे. पहिल्या तुकड्याच्या क्वेरीने १२ नंबरचं खातं सकाळी १० वाजता वाचलं. शिल्लक १०,००० रुपये. मिनिटभरात ते पैसे ९,००,००० नंबरच्या खात्यात गेले. दहावा तुकडा रांगेत होता, त्याची क्वेरी १० वाजून २ मिनिटांनी सुटली. तिला तिथेही तेच १०,००० दिसले! बेरीज फुगली. एरर नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. पैसे उलट दिशेने गेले असते तर तेवढेच गायब. पोस्टग्रेसमध्ये एका क्वेरीला सगळं टेबल एकाच क्षणाचं दिसतं, म्हणजे एकट्या मशीनचं ते रटाळ वाचन निदान खरं तरी होतं.

"थोडाफार फरक चालतो हो." क्लिक्स मोजताना चालत असेल. पगार कुणाचा चुकला की मग सांगा.

बरं, यावर उपाय नाही असंही नाहीये. पोस्टग्रेसमध्ये २०१२ पासून (आवृत्ती ९.२) एका ट्रान्झॅक्शनचा स्नॅपशॉट एक्स्पोर्ट करून बाकीच्यांना देता येतो. पुढच्याच वर्षी पीजी-डम्प समांतर झालं, तेही याच जोरावर. ओरॅकलमध्ये सगळ्यांनी एकच एससीएन धरून वाचायचं. स्पार्क हे आपणहून करत नाही. फुकटही नाही म्हणा: ट्रान्झॅक्शन तासभर उघडं राहिलं तर व्हॅक्यूमला मेलेल्या ओळी उचलता येत नाहीत. मग रात्री रेप्लिकाचं रीप्ले थांबवून तिच्यावरून वाचा की!

आणि हो, ते बाउंड्स. ते ओळी गाळत नाहीत, फक्त तुकड्यांची रुंदी ठरवतात. कधीकाळी कुणीतरी अप्पर बाउंड एक कोटी टाकून गेला, आज आयडी पाच कोटींवर. एकटी दहावी मशीन चार कोटींहून जास्त ओळी ओढतेय, बाकीच्या नऊ चहाला गेल्यात. बिल मात्र दहांचं.

पुढच्या डेमोत "किती वेळात झालं?" याच्या आधी "दहाही क्वेऱ्यांचा स्नॅपशॉट एकच होता का?" एवढं विचारून बघा. मी विचारतो. मला हल्ली डेमोला बोलावत नाहीत.