इमारतीला कोटी, शिक्षकाला मानधन

गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात स्मारके आणि वस्तुसंग्रहालये यांच्या घोषणांना तोटा राहिलेला नाही. अंदाजपत्रकात कोटींचे आकडे येतात, कोनशिला बसते, फीत कापली जाते, छायाचित्रे छापून येतात. या सोहळ्यात एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. उद्या दार उघडल्यावर आत येणाऱ्या माणसाला समोरची वस्तू समजावून कोण सांगणार, आणि त्या सांगणाऱ्याला पगार कोण देणार? हा प्रश्न किरकोळ आहे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी माझे भांडण आहे. त्यांत आपले काही साथीही आहेत, म्हणून भांडणाची सुरुवात घरातूनच केलेली बरी.

प्रथम माझी स्वतःची चूक कबूल करतो. अर्थशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर एका संस्थेने मला विनंती केली की, दर रविवारी येऊन प्रेक्षकांना दालने समजावून द्यावीत. मोबदला अर्थातच नव्हता. मला त्यात समाजसेवा दिसली आणि मी वर्षभर गेलो. एका रविवारी माझाच एक जुना विद्यार्थी भेटला. एम.ए. झालेला, दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारा, सुट्ट्या लागल्या की बिनपगारी. तो म्हणाला, "सर, मी इथे या कामासाठी अर्ज केला होता. एक ज्येष्ठ प्राध्यापक विनामूल्य येतात, मग पगारी माणूस कशाला, असे उत्तर मिळाले. ते प्राध्यापक तुम्ही, हे आज समजले."

आयुष्यभर श्रमाच्या मूल्यावर व्याख्याने दिलेल्या माणसाला याहून कठोर परीक्षक मिळणे शक्य नाही. संपफोड्या जे काम पोटासाठी करतो तेच मी पेन्शनच्या जोरावर आणि सेवेच्या नावाखाली करीत होतो.

हे काम म्हणजे काय, याचीही आपल्याकडे कल्पना नाही. फलकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणे म्हणजे शिकवणे नव्हे. वर्गातला विद्यार्थी हजेरीसाठी का होईना, तासभर बसून राहतो. संग्रहालयात कंटाळलेला माणूस सरळ पुढच्या दालनात निघून जातो. त्याला थांबवायचे तर त्याचा व्यवसाय, त्याची भाषा आणि त्याच्या मनातला प्रश्न क्षणात ओळखावा लागतो. मला हे जमू लागायला सहा महिने लागले.

आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. तेरणा नदीकाठच्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी टेकाडांवरून आणि शेतांतून वेचून जमवलेला संग्रह आज शासनाच्या वस्तुसंग्रहालयात आहे. मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती. नुसते पाहणाऱ्याला ही जुनी खेळणी वाटतील. पण तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात नोंद आहे की, तगरहून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भरुचच्या बंदरात जात असे. तेरच्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीत, ७९ साली ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडली. सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराच्या मुलाला त्या काचपेटीपुढे उभे करून कोणी विचारले की, "तुझ्या बापाच्या धंद्यातला माल दोन हजार वर्षांपूर्वी इथून दूरदेशी जात होता, मग त्याचा नफा कोणाच्या घरी राहत होता?" तर तो मुलगा ती मूर्ती जन्मभर विसरणार नाही. हा प्रश्न काचपेटी विचारीत नाही. तो माणसालाच विचारावा लागतो.

दुसरे उदाहरण आमच्या शहरातलेच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक सोलापुरात आहे. जन्म १० ऑक्टोबर १९१०, मृत्यू चीनमध्ये ९ डिसेंबर १९४२, एवढे फलक सांगेल. पण जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात सोलापूरचा हा तरुण का गेला? ज्या शहरात मे १९३० मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला, ज्या शहराचे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले, त्या शहराशी या त्यागाचा संबंध कसा लावायचा? उत्तर एकच असेल असे नाही. पण ही चर्चा घडवून आणणारा कोणी नसेल तर स्मारकाला भेट देणारा फक्त हार घातलेली प्रतिमा पाहून परततो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, फलक आहेत, मोबाइलवर ध्वनिमुद्रित निवेदन ऐकता येते, मग माणूस कशाला? सोलापूर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारे शहर आहे. माझ्या त्या वर्षात विडी कामगार बायकांचा एक गट आला होता. मराठी आणि इंग्रजी फलकांसमोरून त्या मुकाट्याने पुढे सरकत होत्या. हातमागापाशी मात्र एक वृद्धा थांबली. लहानपणी तिने घरच्या मागासाठी कांड्या भरल्या होत्या. धोटा कसा जातो, ताणा कसा तुटतो, तुटला की बापाचा मार कसा बसतो, हे तिने बरोबरच्या मुलींना तेलुगूतून सांगितले. मला त्यातले अर्धेच कळले, तरी त्या वर्षभरातला सर्वोत्तम पाठ तोच होता. हजार विड्यांवर मजुरी मोजली जाणाऱ्या त्या बाईला मात्र या पाठाचा एक पैसाही मिळाला नाही. ध्वनिमुद्रित निवेदन ठरलेला मजकूर बोलू शकते. समोरच्याचे ऐकणे त्याला जमत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो माझ्या विषयातला आहे. शासनाच्या हिशेबात इमारत हा भांडवली खर्च आणि शिक्षकाचे वेतन हा महसुली खर्च. पहिला म्हणजे विकास, दुसरा म्हणजे बोजा, ही समजूत १९९१ नंतर पद्धतशीरपणे रुजवली गेली. २००३ च्या केंद्रीय वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने महसुली तूट नाहीशी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि पदे न भरण्याला शास्त्राचा मुलामा मिळाला. वास्तविक इमारत बांधून झाल्या दिवसापासून झिजू लागते. उलट समजावून सांगणाऱ्या माणसाचे ज्ञान वर्षागणिक वाढते. मग खरे भांडवल कोणते? पण इमारतीत ठेकेदार असतो, वेतनात नसतो, हे या हिशेबामागचे उघड गुपित आहे. म्हणून अंगणवाडी सेविकेला, आशा कार्यकर्तीला आणि आता संग्रहालयातल्या शिक्षकाला 'मानधन' मिळते. वेतनावर हक्क सांगता येतो, मानधनाबद्दल आभार मानावे लागतात. शब्दाची ही निवड निष्पाप नाही.

तिसरा आक्षेप आपल्या साथींचा आहे. भाकरीचा प्रश्न सुटला नसताना संग्रहालयाची चैन कशाला, असे ते विचारतात. त्यांना मी १८८२ सालची आठवण करून देतो. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी तिजोरी भरते आणि त्यातून शिक्षण मात्र वरच्या वर्गांचे होते, हे जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मांडले. संग्रहालयांना तेच गाऱ्हाणे लागू आहे. ती सर्वांच्या करातून चालतात, आणि ज्याने घरी पुस्तके वाचली आहेत त्यालाच ती समजतात. ब्रिटिश म्युझियमने प्रेक्षकांना समजावून देण्यासाठी १९११ साली अधिकृत व्याख्याता नेमला. मुंबईचे भायखळ्याचे संग्रहालय तर १८७२ पासून लोकांसाठी खुले आहे. एवढ्या दीर्घ काळानंतर हे पद आपल्याकडे शोभेचे ठरावे, यात गरिबांचे कोणते हित आहे?

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक शासकीय आणि महापालिकेच्या संग्रहालयात व स्मारकात संग्रहालय-शिक्षकाचे मंजूर, कायम आणि वेतनश्रेणीतील पद असावे. त्या गावात बोलल्या जाणाऱ्या भाषा येणे ही त्या पदाची अट असावी. विणकर, गिरणी कामगार, कुंभार यांना त्यांच्या वस्तूंपुढे बोलण्यासाठी बोलावावे आणि बुडालेल्या मजुरीपेक्षा कमी नसलेला मोबदला त्याच दिवशी द्यावा. नव्या इमारतीला मंजुरी देताना शिक्षकाच्या वेतनाची तरतूद आधी दाखवावी. ती नसेल तर कोनशिलाही नको.

आपल्या शाखांनी एवढे तरी करावे. आपापल्या गावच्या संग्रहालयात जाऊन शिक्षकाची पदे किती मंजूर आहेत, किती भरलेली आहेत आणि किती कंत्राटी आहेत, याची माहिती अधिकाराच्या कायद्याखाली विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर सभेत वाचून दाखवावे. माझ्यापुरते म्हणाल तर मी रविवारचे विनामूल्य काम सोडले आहे. त्या जागेवर पगारी माणूस नेमला गेला तर त्याला शिकवायला मी अवश्य जाईन. त्याच्या जागी मात्र उभा राहणार नाही.