अनवाणी खेळ हवाच, पण जमीन पाहून

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने अंगणवाडीतल्या ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ आणि त्याहून लहानांसाठी ‘नवचेतना’ हे आराखडे आणले. दोन्हींचा भर खेळातून शिकण्यावर आहे. शहरांतल्या नर्सरींमध्ये ‘सेन्सरी प्ले’ म्हणून मुलांना वाळू, पाणी, गवत यांवरून अनवाणी चालवतात. त्याचे व्हिडिओ परंड्यातल्या मोबाइलवरही दिसतात. मग घरात दोन मते पडतात. आई म्हणते खेळू दे, आजी म्हणते जंत होतील. दोघींचेही बरोबर आहे. मूल कोणत्या जमिनीवर उतरते, त्यावर सगळे अवलंबून आहे.

फायदा किती?

तळव्याला स्पर्श आणि दाब चांगला कळतो. अनवाणी चालताना मूल तोल सावरायला शिकते आणि पायाचे छोटे स्नायू कामाला लागतात. भारतात ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांची पाहणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी राहणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. मात्र अशा खेळाने बुद्धी वाढते किंवा मूल लवकर बोलते, या दाव्यांना पुरेसा आधार नाही. त्यासाठी महागडी चटई घेण्याची गरज नाही.

धोका कुठून येतो?

अंकुशकृमी नावाचा जंत विष्ठेतून मातीत येतो. ओलसर, सावलीच्या मातीत त्याच्या अळ्या वाढतात, अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरतात आणि शेवटी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय होता. त्यामागे आहाराचा मोठा वाटा आहे, पण जंत त्यात भर घालतात.

राज्याचा ग्रामीण भाग २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. तरी लहान मुलांची शी उकिरड्यावर किंवा नालीत टाकण्याची सवय अनेक घरांत आहे. ‘लेकराची शी काय घाण असते?’ हा समज सोडा. ती संडासातच टाका.

सप्टेंबर २०२५ च्या पुराचे पाणी परंडा तालुक्यातल्या अनेक गावांत शिरले होते. पुराने आणलेल्या गाळात सांडपाणी, काचा, खिळे मिसळलेले असतात. असा गाळ खेळासाठी वापरू नका. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातही अनवाणी सोडू नका. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

घरी काय कराल?

- झाडून स्वच्छ केलेली फरशी, चादर किंवा परातीत धुऊन उन्हात वाळवलेली वाळू पुरेशी आहे. वाळू झाकून ठेवा, म्हणजे कुत्री-मांजरे घाण करणार नाहीत.
- तीन वर्षांखालील मुलांना हरभरे, चिंचोके, खडे खेळायला देऊ नका. ते नाकात किंवा श्वासनलिकेत अडकतात.
- एप्रिल-मे महिन्यांत फरशी आधी स्वतःच्या हाताने तपासा. तापलेल्या सिमेंटने तळवे भाजतात.
- दगड-विटांच्या ढिगाजवळ, पाचटात आणि अंधारात चप्पल हवीच. तिथे विंचू-साप असतात.
- खेळानंतर हात-पाय साबणाने धुवा आणि नखे कापा. मातीतून तोंडात जाणारे जंत चप्पल अडवू शकत नाही.
- १ ते १९ वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत व शाळेत मोफत गोळी मिळते. ती चुकवू नका. तारीख अंगणवाडीताईंना विचारा.
- दीड ते दोन वर्षांचा आणि ५ ते ६ वर्षांचा त्रिगुणी लसीचा बूस्टर धनुर्वातापासून वाचवतो. तो झाला आहे का, कार्डावर पाहा.

डॉक्टरांना कधी दाखवाल?

मूल फिकट दिसते, माती खाते किंवा लवकर थकते, तर रक्त तपासून घ्या. खिळा किंवा काच रुतली, तर जखम वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी या. विंचू चावल्यावर खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणे दिसले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. थेट सरकारी रुग्णालय गाठा. साप चावल्याचा नुसता संशय असला तरी हेच करा. पायाला जन्मतः संवेदना कमी असलेल्या मुलांना अनवाणी सोडू नका. पाच-सहा वर्षांपर्यंत तळवा सपाट दिसणे बहुधा स्वाभाविक असते. दुखत नसेल तर खास बुटांची गरज नाही.

अंगणवाडीच्या पुढच्या पालकसभेत एक प्रश्न जरूर विचारा: मुले खेळतात त्या अंगणाला कुंपण आहे का, आणि ते रोज झाडले जाते का? नसेल, तर ग्रामपंचायतीकडे तेवढी मागणी करा. ही दोन कामे झाली, तर आपली लेकरे तिथे निर्धास्त अनवाणी खेळतील.